दरवाजे आतून लावले तेव्हा

राधानगरी हे नाव १८४४ साली कोणाच्या कानावर पडले नसते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ साली हे गाव वसवले, आपल्या कन्येचे, राधाबाई अक्कासाहेबांचे, नाव त्याला दिले आणि भोगावती नदीवर धरणाचे काम काढले. त्याआधी या मुलखाची ओळख होती ती गडांनी आणि घाटवाटांनी. उत्तरेला गगनबावडा आणि त्याच्याही पलीकडे विशाळगड व पन्हाळा. पश्चिमेला दाजीपूरचे रान, त्यातला शिवगड आणि कोकणात उतरणारा फोंडा घाट. दक्षिणेला भुदरगड, त्याच्या मागे सावंतवाडीच्या सीमेवर रांगणा, आणि पूर्वेकडे वळलात तर गडहिंग्लजजवळचा सामानगड. कोल्हापूरच्या छत्रपतींचे राज्य म्हणजे कागदोपत्री राजधानी आणि पेठा. पण पावसाळ्याचे चार महिने ते राज्य खरोखर धरून ठेवत ते हे गड आणि त्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे.

१८४४च्या पावसाळ्यात सामानगडाच्या शिबंदीने गडाचे दरवाजे आतून लावून घेतले. पाठोपाठ भुदरगडानेही तेच केले. गोळी झाडली नव्हती, जाहीरनामा लावला नव्हता. फक्त दरवाजा उघडायचा नाही, असे ठरले होते.

वेढा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाहेरून आलेला शत्रू उभा राहतो. रोमन साम्राज्याच्या इतिहासात तर अशा वेढ्यांची रांगच लागलेली आहे: सीमेवरची एखादी टोळी उठते, रोमच्या छत्राखालच्या नगराला किंवा छावणीला गराडा घालते, आत उपासमार सुरू होते. कोल्हापूरच्या डोंगरात मात्र हे चित्र उलटे झाले. मुलूखकरी तटाच्या आत होते आणि साम्राज्याची फौज बाहेर. तरीही रोमच्या सीमेवरच्या एका वेढ्याशी या गडांची गोष्ट इतकी जवळची आहे की एकीशिवाय दुसरी नीट कळत नाही. म्हणून या प्रकरणात आपण दोन्ही ठिकाणी जाणार आहोत.

आधी गडकरी कोण, ते पाहू. शिवाजी महाराजांच्या काळात गडाचा कारभार तीन बरोबरीच्या अधिकाऱ्यांत वाटलेला असे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस. तिघे वेगवेगळ्या जातींचे, म्हणजे एकाने फितवा केला तरी गड जाऊ नये. पगार रोख, आणि बदल्या ठरलेल्या. गडाच्या पायथ्याशी, चोरवाटांच्या तोंडाशी ‘मेटे’ असत आणि तिथे रामोशी, बेरड, महार, मांग यांच्या चौक्या बसवलेल्या असत. हा बारकावा आपल्याला ‘आज्ञापत्रा’त सापडतो. ते लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य म्हणजे बावड्याचे जहागीरदार, राधानगरीचे शेजारीच म्हणायचे. गड हेच राज्याचे सार, ही त्यांची धारणा होती, आणि तिच्या मागे औरंगजेबाशी सत्तावीस वर्षे चाललेल्या लढ्याचा अनुभव होता.

अठराव्या शतकात खजिन्यात रोकड राहिली नाही, तसा हा नियम वाकत गेला. पगाराऐवजी जमीन मिळू लागली. गडाच्या घेऱ्यातली, पायथ्याच्या गावांतली शेते गडकऱ्यांच्या नावे लागली आणि बापाची चाकरी मुलाकडे जाऊ लागली. पहाटे दरवाजा उघडणे, दिवेलागणीला तो लावणे, रात्रीची गस्त, टाक्यांची राखण, पावसाळ्याआधी गवताने छपरे शाकारणे, अंबारखान्यातल्या धान्यावर लक्ष ठेवणे, हे सगळे ‘आपले काम’ होऊन बसले. गडकरी ही एक जात नव्हती, टोळीही नव्हती. मराठे, महार, रामोशी, बेरड अशा अनेकांचा तो मेळ होता. पण एकाच कड्यावर, एकाच पाण्यावर, एकाच वतनावर चार-पाच पिढ्या काढल्या की माणसे कुळासारखी वागू लागतात. सामानगडाचा गडकरी कोल्हापूरच्या राजाचा चाकर होता हे खरे, पण आधी तो सामानगडाचा होता.

कोल्हापूरवर ईस्ट इंडिया कंपनीची पकड हळूहळू आवळत गेली. शहाजी महाराजांनी, म्हणजे बुवासाहेबांनी, आसपासच्या जहागीरदारांवर स्वाऱ्या केल्या. त्याचे निमित्त करून इंग्रजांनी १८२७ आणि १८२९ साली त्यांच्यावर तह लादले. लष्कर कमी करायला लावले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे राज्याच्या कारभारात सल्ला देण्याचा आणि कारभारी नेमण्याचा हक्क मिळवला. १८३८ साली बुवासाहेब वारले. गादीवर आले ते त्यांचे अल्पवयीन चिरंजीव शिवाजी, बाबासाहेब. राजवाड्यात राजमाता आणि मावशी दिवाणसाहेब यांच्यात सत्तेची ओढाताण झाली, दिवाणसाहेबांनी सूत्रे हाती घेतली, आणि कारभार बिघडला असे म्हणत कंपनीने १८४३ साली आपला माणूस कारभारी म्हणून बसवला. त्याचे नाव दाजी कृष्ण पंडित.

दाजी पंडित दुष्ट होता असे समजण्याचे कारण नाही. तो हिशेबी होता, आणि माझ्या मते इथे तेच जास्त भोवले. वर्षानुवर्षे ढिला पडलेला वसूल घट्ट करायचा, खर्च कापायचा, निरनिराळ्या लोकांच्या हातांत विखुरलेला जमिनींचा कारभार एका दप्तराखाली आणायचा, असा त्याचा सुधारणांचा क्रम होता. त्यात गडांच्या जमिनी आल्या. आजवर गडकऱ्यांची शेते गडाच्याच कारभारातून पाहिली जात. आता ती मामलेदाराच्या हाताखाली गेली. खर्च कमी करणाऱ्या कारभाऱ्याच्या दृष्टीने ही साधी फेररचना होती. गडकऱ्याला त्यात पुढचे पाऊल दिसले: आज जमीन मामलेदाराकडे, उद्या तिच्यावर सारा, परवा ती खालसा, आणि मग गडावर आपले काम तरी काय उरले?

ही भीती हवेतली नव्हती. शेजारच्या मुलखात हेच घडून गेले होते. पुरंदरच्या रामोशांचे गडावरचे हक्क गेले, त्यातून निघालेल्या बंडाचे शेवटचे नाव उमाजी नाईक, आणि त्यांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली होती. सह्याद्रीच्या उत्तर भागात महादेव कोळ्यांचेही तेच दुखणे होते. १८१८ नंतर कंपनीने बहुतेक डोंगरी किल्ले निकामी केले आणि त्यांच्यावर जगणारी माणसे वाऱ्यावर सोडली. कोल्हापूर संस्थान असल्यामुळे तिथले गडकरी पंचवीस वर्षे जास्त टिकले, इतकेच.

आता रोमकडे. कोल्हापूरकराला रोम अगदीच परके वाटायला नको. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक-रोमन समुद्रदेवाची, काशाची छोटी मूर्ती आजही टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. सातवाहनांच्या काळी भूमध्य समुद्राकाठचा माल कोकणच्या बंदरांत उतरून घाट चढत इथवर येत होता. त्याच शतकांत, रोमन साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या नेदरलँड्समध्ये ऱ्हाइन नदीच्या फाट्यांमधल्या बेटावर बटावी नावाची जमात राहत होती.

बटावींचा रोमशी केलेला करार विलक्षण होता. ते कर देत नसत. त्याच्या बदल्यात माणसे देत. बटावींच्या आठ तुकड्या रोमन सैन्यात होत्या, त्यांचे स्वार पुऱ्या हत्यारांनिशी घोड्यासकट नदी पोहून जात, आणि सम्राटाच्या अंगरक्षकांतही त्यांचा भरणा असे. हे हत्यारांचे वतनच. त्यांची लढण्याची चाकरी हीच त्यांची इज्जत होती, आणि कर न देणे ही त्या इज्जतीची खूण.

इ.स. ६८-६९ मध्ये हा करार रोमच्या बाजूने मोडू लागला. नीरोच्या अखेरच्या दिवसांत बटावींचा एक सरदार खोट्या आळावर ठार मारला गेला आणि त्याचा भाऊ ज्युलियस सिव्हिलिस बेड्या घालून रोमला पाठवला गेला. गाल्बा सम्राट झाला, त्याने सिव्हिलिसला सोडले, पण अंगरक्षकांची जर्मन तुकडी बरखास्त केली. मग सिंहासनासाठी यादवी पेटली आणि दावेदारांपैकी एक असलेल्या व्हिटेलियसच्या अंमलदारांनी बटावींच्या बेटावर जबरीची भरती सुरू केली. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की त्यांनी म्हातारे आणि आजारी माणसे मुद्दाम धरली, कारण ती सोडवायला घरचे पैसे देत. आणि देखणी कोवळी मुले पळवली. सिव्हिलिस पंचवीस वर्षे रोमच्या फौजेत काढलेला माणूस, एका डोळ्याने अधू, आणि त्या अधूपणावरून स्वतःची तुलना हॅनिबलशी करणारा. त्याने मेजवानीच्या निमित्ताने जमातीतल्या प्रमुखांना पवित्र राईत बोलावले आणि शपथ घेतली. लढाईला सुरुवात करताना त्याने केस वाढवायचे आणि तांबडे रंगवायचे असा नवसही केला.

त्याचा मोठा घाव पडला तो व्हेटेरावर. आजच्या जर्मनीत झांटेन गावाजवळ ऱ्हाइनकाठी ही छावणी होती. ती दोन पुऱ्या लिजनांसाठी, म्हणजे रोमन पलटणींसाठी, बांधलेली, पण सैन्य यादवीसाठी इटलीकडे गेले होते आणि आत उरले होते जेमतेम पाच हजार लढवय्ये. छावणीच्या बाजूला शांततेच्या काळात व्यापाऱ्यांची आणि सैनिकांच्या गोतावळ्याची वस्ती इतकी वाढली होती की ती लहानसे नगरच झाली होती. शत्रूला आडोसा नको म्हणून रोमनांनी ती स्वतःच पाडली. हे पाडताना तिथला साठा नीट आत आणला गेला नाही, सैनिकांनी तो लुटला, आणि हीच ढिलाई पुढे त्यांच्या जिवावर आली.

टोळ्या वेढ्यात सहसा हरत. तट फोडायला यंत्रे लागतात, यंत्रांना सुतार लागतात, आणि हजारो माणसे एका जागी महिनोन्‌महिने बसवायची तर रसद लागते. शेतकरी योद्ध्यांच्या जमातीला यातले काहीच सोपे नसते. तीनशे वर्षांनी गॉथांनी एड्रियानोपलच्या मैदानात रोमन सम्राटाला ठार मारले, पण त्याच नगराच्या तटासमोर ते हात हलवत परतले. बटावींचे तसे नव्हते. ते रोमच्याच तालमीत तयार झाले होते, आणि जे येत नव्हते ते त्यांनी कैदी आणि पळून आलेल्या सैनिकांकडून करून घेतले. दोन मजली लाकडी बुरूज करून तो मुख्य दरवाजाशी लोटला. आतल्यांनी मजबूत वाशांनी ठोकून तो मोडला. मग रोमनांनी तटावरून झुलणारी एक यारी उभारली. ती अचानक खाली यायची, एक-दोन हल्लेखोरांना उचलायची आणि वजन फिरवून छावणीच्या आत आपटायची. टॅसिटसने हे वर्णन चवीने केले आहे. मला त्यात एका जुन्या सैन्याची तिरकस खुशी ऐकू येते, शिकवलेला शिष्य दारात उभा असताना गुरूने राखून ठेवलेला डाव काढावा तशी.

तट पडत नाही असे दिसल्यावर सिव्हिलिसने जुना, हमखास उपाय धरला. भूक. मध्ये व्होक्युला नावाच्या रोमन सेनानीने एकदा वेढा उठवला, पण त्याला तिथे टिकता आले नाही आणि गराडा पुन्हा पडला. आतल्या माणसांनी ओझ्याची जनावरे खाल्ली, घोडे खाल्ले, मग झुडपे, मुळे आणि दगडांच्या फटीतले गवत. इ.स. ७०च्या सुरुवातीला त्यांनी शरण येऊन जीव वाचवण्याचे वचन घेतले. निःशस्त्र रांग छावणीपासून पाचव्या मैलापर्यंत गेली आणि तिथे दबा धरून बसलेल्या जर्मनांनी तिच्यावर झडप घातली. छावणी जाळली. सेनापती ल्युपर्कसला भेट म्हणून पाठवले गेले वेलेदाकडे. ती ब्रुक्टेरी जमातीची भविष्यवादिनी होती, उंच मनोऱ्यात राहत असे आणि तिने हा विजय आधीच सांगितला होता. तो तिच्यापर्यंत पोहोचला नाही, वाटेतच मारला गेला. सिव्हिलिसने नवस फेडला आणि केस कापले.

सामानगडावर यारी नव्हती, मनोरे नव्हते. पण करार मोडल्याचा राग तोच होता, आणि दरवाजा लावून घेण्यातला ठामपणाही तोच. सुरुवातीला समजूत घालण्याचे प्रयत्न झाले, संस्थानची माणसे पाठवून पाहिली, ते फसले. मग बेळगावहून कंपनीची फौज निघाली. सामानगड पन्हाळ्याएवढा अजस्र नाही. प्रतापराव गुजर ज्या नेसरीच्या खिंडीत १६७४ साली पडले, ती इथून जवळच. गडाला कातळ तासून काढल्यासारखी नैसर्गिक बळकटी आहे, आत पायऱ्यांच्या खोल विहिरी आहेत, पाण्याला तोटा नाही. हलक्या तोफांनी काही होईना, तेव्हा जड तोफा मागवाव्या लागल्या. जनरल डेलामोटच्या हाताखाली सैन्य वाढवले गेले आणि ऑक्टोबरात सामानगड पडला.

तोवर वणवा पसरला होता. भुदरगडाची शिबंदी गडात बसून राहिली नाही, बाहेर पडून तिने सरकारी लोकांना मागे रेटले. कोल्हापूर शहरातच बाबाजी आहिरेकर नावाचा सरदार पुढे आला आणि दाजी पंडिताला कैद करण्यात आले. काही दिवस राजधानीचा कारभार उठाववाल्यांच्या हाती होता. कंपनीच्या दडपणाखाली पंडिताची सुटका झाली, आणि आहिरेकर आपली माणसे घेऊन गडांच्या आश्रयाला गेला. भुदरगडही हातचा गेल्यावर शेवटचा आसरा उरला तो पन्हाळ्याचा.

याच धामधुमीत कर्नल ओव्हान्स हाती लागला. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ साली पदच्युत झाले, तेव्हाचा तिथला रेसिडेंट तो हाच. कोल्हापूरकडे येत असताना गडकऱ्यांनी त्याला धरले आणि पन्हाळ्यावर नेऊन ठेवले. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा उठला असणार यात शंका नाही. पण व्हेटेराच्या ल्युपर्कससारखे इथे काही घडले नाही. ओव्हान्सच्या केसालाही धक्का लागला नाही आणि शेवटी तो सुखरूप सुटला. बंडखोरांना ‘लुटारूंच्या टोळ्या’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग थांबून वाचायला हवा होता.

पन्हाळ्याला वेढे नवे नव्हते. १६६० साली सिद्दी जौहरने शिवाजी महाराजांना इथे चार महिन्यांहून अधिक काळ कोंडले होते. त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि दारूगोळा घेऊन आला होता आणि इंग्रजी निशाण लावून त्याने गडावर मारा केला होता. गड काही पडला नाही, महाराज निसटून विशाळगडाला पोहोचले, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर येऊन रेव्हिंग्टनला कैद केले. १७०१ साली औरंगजेबाचा तळ इथेच पडला होता, तेव्हा विल्यम नॉरिस हा इंग्रज वकील व्यापाराचे फर्मान मागायला पन्हाळ्याच्या छावणीत आला आणि रिकाम्या हाताने परतला. म्हणजे १८४४च्या आधीही इंग्रजांनी पन्हाळा खालून पाहिला होता, एकदा भाडोत्री गोलंदाज म्हणून, एकदा अर्जदार म्हणून.

या वेळी गोष्ट वेगळी होती. १ डिसेंबर १८४४ रोजी डेलामोटच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि हल्ला करून गड घेतला. बाबाजी आहिरेकर लढताना पडला. पावनगडही त्याबरोबरच गेला. जौहरला चार महिन्यांत जे जमले नाही, ते एकोणिसाव्या शतकातल्या वेढ्याच्या तोफांनी भराभर उरकले. उभ्या दगडी तटाचे युग संपले होते, हे युरोपात केव्हाच कळले होते. सह्याद्रीत ते १८१८ साली कळले, आणि ज्यांना तेव्हा कळले नव्हते त्यांना त्या दिवशी.

उठावाचे लोण घाटाखाली सावंतवाडीत उतरले होते. तिथल्या मनोहर आणि मनसंतोष गडांच्या गडकऱ्यांनी शस्त्र उचलले, फोंड सावंत त्यांच्या पुढे होता, सावंतवाडीचे युवराज अण्णासाहेबही त्यांना मिळाले. रांगण्याच्या खालचे ते रान, आणि त्यातल्या पायवाटा फक्त तिथल्या माणसाला ठाऊक. इथे तोफांपेक्षा पाठलाग महत्त्वाचा ठरला आणि त्यासाठी कर्नल जेम्स औट्रम आला. १८४५च्या सुरुवातीला हे गडही गेले आणि पुढारी गोव्यात उतरले. पोर्तुगीजांनी त्यांना इंग्रजांच्या ताब्यात द्यायला नकार दिला.

औट्रमपाशी थोडे थांबायला हवे. खानदेशात १८२५पासून त्याने भिल्लांची पलटण उभी केली होती. आजवर ज्यांच्या मागे फौज धावत होती, त्यांनाच पगार, गणवेश आणि इज्जत देऊन कंपनीच्या बाजूला उभे केले होते. ओव्हान्सनेही खानदेशात भिल्ल एजंट म्हणून काम केले होते. म्हणजे डोंगरातल्या हत्यारबंद माणसाला चाकरीत घेऊन कसे जिंकायचे हे कंपनीच्या ज्या अधिकाऱ्यांना सर्वांत चांगले ठाऊक होते, त्यांतले दोघे १८४४ साली कोल्हापूरच्या रंगमंचावर होते. तरीही गडकऱ्यांच्या वाट्याला भिल्ल पलटणीचा मार्ग आला नाही. पन्हाळा, पावनगड, विशाळगड, भुदरगड, सामानगड यांचे तट आणि दरवाजे फोडण्यात आले. गडकऱ्यांची वंशपरंपरागत शिबंदी मोडली. मोहिमेचा खर्च कोल्हापूर संस्थानच्या माथी मारला आणि राज्याचा कारभार इंग्रजांनी थेट हाती घेतला. बाबासाहेब महाराजांना अधिकार मिळायला १८६२चा तह उजाडावा लागला.

रोमने काय केले? सम्राट व्हेस्पाशियनचा सेनानी सेरिॲलिस बेटावर उतरला, बटावींची शेते जाळली, आणि मग तहाची बोलणी सुरू झाली. मधोमध तोडलेल्या पुलाच्या दोन टोकांना सेरिॲलिस आणि सिव्हिलिस उभे राहिले. त्यानंतर बटावी पुन्हा जुन्या अटींवर साम्राज्यात आले. टॅसिटस पुढे लिहितो की ते अजूनही कर देत नाहीत, युद्धासाठी राखून ठेवलेले आहेत. बंडानंतर चौदा वर्षांच्या आत ब्रिटनच्या उत्तरेत मॉन्स ग्रॉपियसच्या लढाईत बटावी तुकड्या रोमच्या बाजूने आघाडीला होत्या. इ.स. १००च्या आसपास व्हिंडोलांडाच्या ठाण्यात बटावींची नववी तुकडी होती; तिच्या प्रमुखाच्या बायकोला आलेले वाढदिवसाचे आमंत्रण लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर लिहिलेले सापडले आहे. हजारो रोमन सैनिक ज्यांनी मारले, त्यांची पुढची पिढी तिथे रोमन अधिकाऱ्यांच्या घरगुती समारंभात आहे.

हा फरक रोमच्या मोठ्या मनाचा नव्हे. रोमला सैनिक हवे होते, आणि बटावी बेटावर असे काही नव्हते की ते हिरावून घेतल्याने साम्राज्य सुरक्षित झाले असते. गडकऱ्यांचे बळ माणसांत कमी आणि दगडात जास्त होते. भिल्लाला पलटणीत घेतले की तो डोंगर सोडून छावणीत येई, इंग्रज अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर. गडकऱ्याला चाकरीत ठेवायचे तर गडासकट ठेवावे लागले असते, आणि ज्या गडाचा दरवाजा आतून लागू शकतो तो कंपनीला नको होता. म्हणून माझे मत असे की दाजी पंडिताने थोडे सबुरीने घेतले असते तरी गडकऱ्यांचे दिवस फार तर दहा-वीस वर्षांनी लांबले असते. आतून लावलेला दरवाजा १८५७ साली पुन्हा दिसला. कोल्हापुरातली २७वी पलटण जुलै अखेरीस उठली, आणि डिसेंबरात बंडवाल्यांनी शहराचे दरवाजे लावून घेतले. इंग्रज अधिकारी ली ग्रँड जेकबने दरवाजा फोडून शहर घेतले, आणि पुढे महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब कराचीला धाडले गेले. तिथेच १८६९ साली त्यांचा अंत झाला. तेरा वर्षांपूर्वी डोंगरातले गड मोडून टाकले नसते, तर त्या डिसेंबरात जेकबचे काम इतक्या झटपट झाले नसते, हे मात्र कबूल करावे लागेल.

आपल्याकडे या उठावाला कधी ‘पहिले स्वातंत्र्ययुद्ध’ म्हटले जाते, कधी पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकले जाते. दोन्ही मला पटत नाही. गडकऱ्यांनी स्वराज्याचा ध्वज उभारला होता असे कागदांवरून दिसत नाही. त्यांनी आपले वतन, आपले काम आणि आपल्या दरवाजाची किल्ली राखायचा प्रयत्न केला. बटावींनीही आधी व्हिटेलियसचा प्रतिस्पर्धी म्हणून व्हेस्पाशियनचे नाव पुढे केले, आणि स्वातंत्र्याची भाषा नंतर आली. पोटाचे आणि इज्जतीचे कारण कमी दर्जाचे असते असे मानण्याची सवय आपण सोडायला हवी.

अडचण अशी की आपल्यापर्यंत जे आले ते जवळजवळ सगळे तटाबाहेरच्यांच्या लेखणीतून. बटावींबद्दल बोलतो तो टॅसिटस. आणि त्याचा ग्रंथही नेमका तुटलेल्या पुलावर सिव्हिलिस बोलत असताना, त्याच्या भाषणाच्या मध्यावर संपतो, पुढची पाने हरवली आहेत. कोल्हापूरच्या बाबतीत मेजर ग्रॅहमचा १८५४ सालचा संस्थानचा अहवाल आहे, गॅझेटियर आहे, अधिकाऱ्यांचे पत्रव्यवहार आहेत. सामानगडाच्या आत बसून त्या पावसाळ्यात कोण काय म्हणाले, कोणी विरोध केला, बायकापोरांचे काय ठरले, हे आपल्याला त्यातून कळत नाही.

गड पाहायला जायचे असेल तर भुदरगडाला गारगोटीहून पेठशिवापूरमार्गे जाता येते, भैरवनाथाचे देऊळ आणि मोठा तलाव अजून शाबूत आहे. पन्हाळ्यावर चार दरवाजाची जागा विचारा, तिथे पाडलेल्या प्रवेशद्वाराचे अवशेष दिसतील. पण त्याहून एक विनंती महत्त्वाची. राधानगरी, भुदरगड, गडहिंग्लज, पन्हाळा, शाहूवाडी या भागात ज्यांचे पूर्वज गडकरी, मेटकरी किंवा शेतसनदी होते, त्यांच्या घरी पेटीत किंवा माळ्यावर मोडी लिपीतले कागद अजून असू शकतात. सनदा, जमिनीचे तंटे, पगाराच्या याद्या, एखादे पत्र. ते रद्दीत घालू नका. कोल्हापूरच्या पुरालेखागारात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागात दाखवा, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, निदान त्यांचे फोटो काढून ठेवा.